तलावाचा काठ विकू नका

गोंदिया जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना, ढिवर बंधू-भगिनींना, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना आणि शहरात राहून गावाकडे प्लॉट शोधणाऱ्या आपल्याच लेकरांना,

हे आवाहन उन्हाळ्याच्या तोंडावर करतो आहे, त्याला कारण आहे. होळी झाली की आपल्या तलावांचे पाणी उतरू लागते. भादव्यात जिथे छातीभर पाणी होते तिथे आता भेगाळलेली काळी माती दिसते. त्या मातीत कुणी गाळपेर करतो, गुरे चरतात, पोरे क्रिकेट खेळतात. गेल्या काही वर्षांत नेमक्या याच दिवसांत त्या मातीच्या कडेला मुरमाचे ढीग पडू लागले आहेत. आधी दोन ट्रॅक्टर, मग दहा, मग रात्रीचे टिप्पर. पाठोपाठ चुन्याच्या रेषा, सिमेंटचे खुंट, रंगीत झेंड्या आणि डांबरी रस्त्याच्या कडेला फलक: तलावाकाठी निसर्गरम्य प्लॉट. मृगाचा पाऊस येतो तेव्हा पाणी आपल्या जुन्या जागेवर जायला निघते आणि तिथे त्याला भिंत लागते.

गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका गावाचे नाव घेतले की बाकीच्यांना वाटते, हे आपल्याकडचे नाही. पण अर्जुनी मोरगावपासून तिरोड्यापर्यंत, सडक अर्जुनीपासून आमगावपर्यंत ज्याच्या गावाला तलाव आहे आणि तलावाजवळून डांबरी रस्ता जातो, त्याने आज संध्याकाळी पाळीवर उभे राहून चारही बाजूंना नजर टाकावी. मी काय म्हणतो ते त्याला दिसेल.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही आपण काठावरची माणसे आहोत. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी, पांगोली या नद्या आणि त्यांच्यामधल्या चढउतारांवर बांधलेले तलाव आणि बोड्या. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा या जिल्ह्याच्या वाट्याला जी सर्वांत मोठी इस्टेट आली, ती हीच. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, शृंगारबांध ही नावे बाहेरच्यांना ठाऊक आहेत; पण हजाराहून अधिक लहान तलाव असे आहेत की ज्यांचे नाव गावाबाहेर कुणाला माहीत नाही. त्यांच्या काठावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे मोहल्ले आहेत. कोकणात कोळीवाड्याचे जे चालले आहे, तेच इथे या मोहल्ल्यांचे सुरू झाले आहे. फरक एवढाच की कोकणातल्या माणसाला निदान भांडायला एक रेषा आहे. समुद्राच्या भरतीची रेषा कायद्याने मानली आहे, किनारा नियमनाची अधिसूचना 1991 पासून आहे, ती 2011 आणि 2019 मध्ये बदलली, सैल झाली, तरी अजून आहे. गोव्यात लोकांनी प्रादेशिक आराखडा 2011 विरुद्ध आवाज उठवला तेव्हा 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. आपल्या तलावाच्या काठाला अशी रेषा नाही. किंवा खरे सांगायचे तर रेषा आहे, ती सरकारी नकाशात आणि कपाटात आहे. जमिनीवर कुणी आखलेली नाही.

हे तलाव देवाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधले आहेत, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. कोहळी समाजाच्या लोकांना चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधायला उत्तेजन दिले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा त्यांचा शब्द होता, ही परंपरा आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांमधली जागा त्यांनी हेरली आणि पाळ घालून पाणी अडवले. लोकांनी त्यांना पुढे कोलासूर म्हणून देव केले. तलाव बांधणाऱ्याला आपल्या मुलखाने दिलेला हा मान आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पुढे मालगुजारी आली, मालगुजारांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, 1951 पासून तलाव शासनाचे झाले आणि कागदोपत्री त्यांचे नाव पडले माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. तोवर दर उन्हाळ्यात घरटी माणूस पाळीच्या डागडुजीला आणि गाळ काढायला जात असे. मालकी सरकारकडे गेली आणि घरचा माणूस घरी बसला. आज काठावर मुरूम पडतो तेव्हा कुणी हटकत नाही, याचे मूळ तिथे आहे. सरकारी म्हणजे कुणाचे नाही, अशी आपण मनाची समजूत करून घेतली.

आता तलाव म्हणजे काय, हे जरा नीट पाहू. कारण प्लॉट विकणारा नेहमी एकच गोष्ट सांगतो: आम्ही तलावाला हात लावलेला नाही, आमची जमीन खाजगी आहे, सातबारा स्वच्छ आहे. बहुतेक वेळा तो खरे बोलत असतो. तरी तलाव मरतो. कसा, ते ऐका.

तलाव म्हणजे पाळीच्या आतले पाणी एवढेच नव्हे. वरच्या अंगाला जंगल आणि चढ, जिथून पावसाचे पाणी वाहत येते. त्याला आपण येवा म्हणतो. मग बोड्या, मग तलाव. पाळीत पाणी सोडायचे तुडुम, तिथून पाट, पाटाखाली धानाच्या बांध्या. एका टोकाला सांडवा, त्यावरून जास्तीचे पाणी खालच्या तलावात. वरचा भरला की खालचा भरतो. माळेतल्या मण्यांसारखे हे तलाव एकमेकांना बांधलेले आहेत. वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा आपला पाऊस, बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा, या माळेत अडतो. धानाची बांधी हीसुद्धा या माळेतला एक मणी. चारी बाजूंना धुरे, मधे टिचभर पाणी. एका एकरात दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते चार लाख लिटर होते. बांधीचे धुरे मोडून, मुरूम टाकून, वर सिमेंटचा रस्ता केला की हे चार लाख लिटर दुसरीकडे धावते. कुठे? शेजाऱ्याच्या धानात, किंवा खालच्या मोहल्ल्यातल्या घरात.

म्हणून येव्यातली जमीन कागदावर कुणाच्याही नावाची असो, तलावाच्या दृष्टीने ती तलावच आहे.

आणि काठ? काठ हा तलावाचा सर्वांत जिवंत भाग आहे, हे ढिवरांइतके कुणाला ठाऊक नाही. खोल पाण्यात मासा राहतो, पण वाढतो काठाला. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी नाल्यातून आले की मासे उलट्या धारेला लागतात, चढणीचे मासे. ते बांध्यांमध्ये, उथळ पाण्यात, गवतात अंडी घालतात. मरळ तर उथळ पाण्यातल्या पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करते आणि पिलांची राखण करते. गाद, चिला, चिऊल, देवधान या वनस्पती, ही सारी उथळ पाण्याची संपत्ती. शिंगाडा तिथेच, कमळ तिथेच. जाळी वाळतात काठावर, डोंगा ओढून ठेवतात काठावर, बायका मासळी निवडतात काठावर. काठ भरून काढला आणि पाण्याला दगडी भिंत घातली की तलाव पाण्याने भरलेला दिसतो, फोटोत छान येतो, आणि आत काही पिकत नाही. टाकी होते त्याची.

ढिवर समाजाकडे बहुतेक ठिकाणी जमीन नाही. त्यांची शेती पाण्यावर. मासेमार सहकारी संस्था तलावाचा ठेका घेते, रोहू-कटल्याचे बीज सोडते, आणि वर्षभर त्यावर घरे चालतात. ठेका कागदावरच्या जलक्षेत्रावर ठरतो. काठ आकसला म्हणून कागद आकसत नाही. तलाव लहान होतो, देणे तेवढेच राहते. शिवाय तलावावर जायची वाट. पिढ्यान्पिढ्या ज्या पायवाटेने ढिवराची बाई टोपले घेऊन गेली, ती वाट कुणाच्या तरी बांधीच्या धुऱ्यावरून जात होती. शेतमालकाने कधी अडवले नाही, कारण तोही गावचाच. बांधी विकली गेली, प्लॉट पडले, तारेचे कुंपण झाले, लोखंडी फाटक लागले, फाटकावर चौकीदार बसला. एका तलावावर मी हे स्वतः पाहिले आहे: पाणी समोर दिसते आणि तिथे पोचायला आता दीड किलोमीटरचा वळसा. साठी ओलांडलेल्या बायका ओले जाळे डोक्यावर घेऊन तो वळसा घालतात. त्यांच्या मुलांपैकी काहीजण त्याच फाटकाच्या आत रोजंदारीने भिंती बांधायला जातात. काम मिळाले, असे कुणी म्हणेल. मिळाले, खरे आहे. भिंत बांधून होईपर्यंतच.

हे सारे आत्ताच का? मुंबई-कोलकाता महामार्ग देवरी आणि कोहमाऱ्यावरून जातो, रुंद झाला. बिरसी विमानतळावरून मार्च 2022 मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली. नागपूरहून गोंदियापर्यंत द्रुतगती महामार्गाची आखणी झाली आहे. नवेगाव-नागझिरा डिसेंबर 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या आणि पर्यटकांचे पाय इकडे वळले. यातली एकही गोष्ट वाईट आहे असे मी म्हणत नाही. गोंदियाच्या माणसाला चांगला रस्ता नको का? नागझिऱ्याच्या दारातल्या गावात चार पैसे यायला नकोत का? यावेत. पण महामार्गाचा नकाशा छापून येतो त्याच्या आधी दलाल तलाठ्याच्या दारात उभा असतो, आणि त्याला पहिली पसंती तलावाकाठच्या गटांना असते. जंगलाला लागून, पाणी समोर, नागपूर दोन-तीन तासांवर. ज्या गुणांमुळे ही जमीन मोलाची ठरते तेच गुण तिच्या विक्रीने नाहीसे होतात.

नागपूरचा विषय निघाला म्हणून 22-23 सप्टेंबर 2023 ची रात्र आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये माणसे झोपेत असताना घरांत पाणी शिरले. जीव गेले, हजारो घरांचे संसार भिजले. सांडव्याच्या तोंडाशी झालेली बांधकामे, नाल्यावर टाकलेले स्लॅब, आकसलेले पात्र यांची चर्चा उच्च न्यायालयापर्यंत गेली. नागपुरात महानगरपालिका होती, अग्निशमन दल होते, बोटी आल्या, सैन्य आले. आपल्या तलावाखालच्या मोहल्ल्यात तशा रात्री कोण येईल?

प्लॉट घेणाऱ्याला मी शत्रू मानत नाही. तो बहुधा शिक्षक आहे, रेल्वेत नोकरीला आहे, नागपूर-रायपूरला राहतो, निवृत्तीनंतर गावाकडे घर असावे असे त्याला वाटते. त्याने आयुष्याची पुंजी घातली आहे. पण पुढे काय होते ते त्याला कुणी सांगत नाही. चांगल्या पावसाच्या पहिल्या वर्षी तलाव पूर्ण भरतो आणि पाणी त्याच्या ओट्याला लागते. शौचालयाच्या टाकीत पाणी शिरते, टाकीतले तलावात येते. मग सारे प्लॉटधारक मिळून अर्ज करतात: तलाव इतका भरू देऊ नका, सांडव्याची उंची कमी करा. आणि कुणीतरी रात्री सब्बल घेऊन एक फूट सांडवा फोडतो. आपले तलाव पसरट आहेत, खोल नाहीत. वीस हेक्टरच्या तलावात एक फूट पाणी म्हणजे सहा कोटी लिटर. धानाच्या शेवटच्या पाण्याला, दिवाळीच्या सुमाराला, जेव्हा लोंब्या भरत असतात, तेव्हा नेमके तेच पाणी हवे असते. एका घराच्या ओट्यासाठी शंभर एकरांची लोंबी पोचट राहते. दोष कुणाला द्यायचा? घर बांधणाऱ्याला? की तलावाच्या पोटात प्लॉट पाडून विकणाऱ्याला आणि गप्प बसलेल्या आपल्याला?

सारसाबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात, आणि तोही मोजता येईल इतकाच. धानाच्या बांधीत, तलावाच्या उथळ काठाला तो घरटे बांधतो. जोडीने राहतो, एका वेळी बहुधा दोनच अंडी. सेवा या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून वर्षानुवर्षे घरट्यांची राखण केली म्हणून तो आज परसवाड्याच्या, झिलमिलीच्या परिसरात दिसतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्वतःहून दखल घेऊन सारसासाठी जनहित याचिका चालवली. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या पाखरांना साऱ्या महाराष्ट्राच्या घरात नेले. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणारे पुष्कळ कार्यक्रम झाले. त्यांनी पाहिलेले काठ राखणे ही त्याहून मोठी श्रद्धांजली झाली असती आणि अजून होऊ शकते.

आता कायद्याचे. आपल्या लोकांना वाटते, कायदा पैसेवाल्यांच्या बाजूने आहे. काही बाबतींत तो सैल झाला आहे, हे खरे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक वापराची वाट महसूल संहितेच्या कलम 42-ड ने सोपी केली. गावठाण तलावाला लागून असते, हे मुंबईत बसून दिसले नसावे. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. तीनशे वर्षांत पक्ष्यांनी, माशांनी आणि वनस्पतींनी आपले घर केलेला मामा तलाव त्या नियमात निव्वळ सिंचनाचे बांधकाम ठरतो. हा अन्याय आहे आणि तो बदलून घेतला पाहिजे. पण तोवर हातात काहीच नाही असे समजू नका.

महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झालेला नाही असे नाले, तलाव आणि त्यांचे तळ शासनाचे आहेत. शासनाच्या जागेवरचे अतिक्रमण कलम 50 ने जिल्हाधिकारी काढू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात तलावाची जागा घरांसाठी देता येणार नाही असे ठरवले. 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग प्रकरणात पंजाबातल्या एका गावाचा बुजवलेला तलाव मोकळा करायला सांगितले आणि गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश साऱ्या राज्यांना दिला. खूप पैसा खर्च केला, खूप वर्षे झाली, वरच्यांशी ओळख आहे, ही कारणे चालणार नाहीत, असे त्या निकालात स्पष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने त्यावर 12 जुलै 2011 ला निर्णय काढला. तो निर्णय प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात हवा.

आणि आपल्या विदर्भाकडे एक ठेवा असा आहे जो पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांकडे नाही. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. जुन्या बंदोबस्ताच्या वेळी गावोगाव नोंद झाली: या गावाच्या लोकांना कुठे गुरे चारता येतील, कुठून जाता येईल, कोणत्या पाण्यात मासे धरता येतील. संहितेच्या कलम 161 पासून 167 पर्यंत हे हक्क आजही जिवंत आहेत. वाजिब-उल-अर्ज तर खाजगी जमिनीतून जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेची, सिंचनाच्या आणि मासेमारीच्या रूढींची नोंद आहे. फाटक लावून बंद केलेली ढिवरांची ती वाट कदाचित त्या जुन्या कागदावर लिहिलेली आहे आणि आपण तो कागद कधी उघडलाच नाही.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. येत्या 1 मे ला महाराष्ट्र दिन आहे, आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस आहे आणि गावोगाव ग्रामसभा आहे. त्या दिवशी तलाव बराचसा कोरडा असेल. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक गावाने आपल्या तलावाची शिवारफेरी करावी. शेतकरी, ढिवर संस्थेचे सभासद, गावातली सर्वांत म्हातारी दोन-चार माणसे, शाळेची वरच्या वर्गाची मुले आणि सरपंच. पाणी कुठवर येत होते हे म्हाताऱ्यांना विचारा. येव्याचे नाले कुठून येत होते, सांडव्याचे पाणी कुठे जात होते, जाळी कुठे वाळत होती, तलावावर जायची वाट कोणती, हे चालत चालत नकाशावर मांडा. भ्रमणध्वनीत फोटो काढा, तारखेसह ठेवा. भराव दिसला तर त्याचा गट क्रमांक लिहा. आणि ग्रामसभेत ठराव घ्या: तलावाची पूर्ण भरणाची हद्द भूमी अभिलेख विभागाने मोजून द्यावी आणि दगड रोवावेत. ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागालाही द्या, कारण शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्या ताब्यात आहेत. पोच घ्या. पोचेशिवाय परत येऊ नका.

निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची प्रमाणित नकल मागा. जमीन विकली की चावडीवर फेरफाराची नोटीस लागते; 15 दिवसांच्या आत हरकत घेता येते. नोटीस वाचायची सवय गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी लावून घ्यावी. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा शेतात जायची वहिवाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. उन्हाळ्यात पडलेला मुरूम दिवाळीनंतर आठवला तर ही मुदत हातून जाते. ज्या गावांचे तलाव वनहद्दीत आहेत त्यांनी 2006 च्या वनहक्क कायद्याचा अर्ज पुन्हा काढून पाहावा; पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क त्यात शब्दांनी लिहिलेला आहे.

शेतकरी दादा, तुला विकू नको असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पोरीचे लग्न आहे, दवाखाना आहे, धानाचा चुकारा वेळेवर येत नाही. मला ते कळते. तरी येव्यातली आणि काठावरची जमीन शेवटी विक, पहिली नको. विकायची वेळच आली तर आधी गावातल्या माणसाला विचार, मासेमार संस्थेला विचार. बाहेर विकावीच लागली तर तीतून जाणारा नाला, पाट आणि वाट खरेदीखतात लिहूनच सही कर. इसाराचे पैसे घेण्याआधी एक रात्र थांब. दलालाला घाई असते, तुला नाही.

प्लॉट घेणाऱ्या भावा, पावसाळ्यात ये. मार्चमध्ये दाखवलेली जमीन ऑगस्टमध्ये पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नको. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या ले-आऊटला महारेराची नोंदणी लागते, तो क्रमांक माग. क्रमांक असला तरी गावातल्या ढिवराला विचार, पाणी कुठवर येते. तो खरे सांगेल. त्याचे पोट त्या रेषेवर आहे.

पर्यटनासाठी निवास बांधणाऱ्यांनो, तुमचा पाहुणा तलाव पाहायला येतो. पाळीपासून आणि येव्यापासून दूर, उंचवट्यावर बांधा, सांडपाणी तलावात सोडू नका, मासेमारांची वाट उघडी ठेवा, मासळी त्यांच्याकडूनच घ्या. गाव तुमच्या पाठीशी उभे राहील.

जिल्हा प्रशासनाला हात जोडून विनंती: तलावांच्या हद्दी मोजण्याचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू करा आणि मोजणी होईपर्यंत तलावाला व त्याच्या येव्याला लागून असलेल्या गटांना अकृषिक परवानगी, ले-आऊट मंजुरी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या डिसेंबरात पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून हद्दी ठरवायला राज्यांना सांगितलेच आहे. गोंदियाने त्यात पहिले यावे.

हे होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि अर्जुनी मोरगावच्या ढिवर बांधवांनी नवतलावातली बेशरमची झुडपे उपटून काढली, काठाला देशी पाणवनस्पती लावल्या, आणि हळूहळू मासे परतले, पाखरे परतली. त्यांच्याकडे ना मोठा निधी होता ना यंत्रे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे म्हाताऱ्या ढिवरांना माहीत होते, आणि कुणीतरी त्यांना विचारले. अशी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारायचे दिवस मात्र थोडे उरले आहेत.

उद्या सकाळी कामाला जाण्याआधी आपल्या तलावाच्या पाळीवर या. घरातल्या एका लहान मुलाला सोबत आणा आणि पाणी कुठवर यायचे ते त्याला बोटाने दाखवा. मग 1 मे च्या ग्रामसभेला या.